तुमच्या जमिनीत तासाला पाणी किती जिरते?



गिरणेचं आवर्तन सुटणार अशी बातमी आली की आपल्या भडगाव तालुक्यात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. पाणी आपल्या चारीला कधी येणार, आणि किती दिवस राहणार. ते रास्तच आहे. गिरणा धरण तिकडे नांदगाव तालुक्यात. ते १९६९ साली पुरं झालं. तिथून पाणी नदीपात्रात सुटतं, जामद्याच्या बंधाऱ्याशी येतं, मग कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून पाटात आणि पाटातून तुमच्या साऱ्यात. एवढा प्रवास करून आलेलं हे पाणी. पण शेवटची वीतभर वाट, म्हणजे साऱ्यातून मातीत शिरण्याची, तिची चौकशी कुणी करत नाही. आज त्या वीतभर वाटेबद्दल बोलायचं आहे. कार्यक्रमात वेळ थोडा असतो, म्हणून आकडे या पत्रकात सविस्तर दिले आहेत.

आपण सहज म्हणतो, ‘माझी जमीन भारी आहे, त्याची बरड आहे.’ अंदाज म्हणून ठीक. पण भारी म्हणजे किती भारी? तासाला दोन मिलीमीटर पाणी पिणारी जमीनही भारी आणि सहा मिलीमीटर पिणारीही भारीच. दोन्हींत तिपटीचा फरक आहे. पहिलीत कागदी लिंबूची बाग लावली तर मूळकूज आणि डिंक्या मागे लागण्याची भीती मोठी. दुसरीत वरंब्यावर लावली, चर काढले, तर बाग उभी राहील. बाग म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचा संसार. तो अंदाजावर मांडायचा की एक दिवस खर्चून मोजून मांडायचा, हे तुम्हीच ठरवा.

आपल्या बोलण्यात यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि तिन्ही कामाचे आहेत. पाणी वरून मातीत शिरतं, ते जिरतं. आत गेल्यावर थराथरांतून खाली सरकतं, ते झिरपतं. आणि मुळांच्या टापूत जादा झालेलं पाणी निघून जातं, तो निचरा. जिरणं चांगलं पण निचरा वाईट, अशीही जमीन असते. वर भुसभुशीत, खाली हातभरावर घट्ट थर. अशी जमीन फसवते, कारण वरून तिचं सगळं ठीक दिसतं.

हे झिरपणं मोजायचा नियम सापडून दीडशेहून अधिक वर्षं झाली. हेन्री डार्सी नावाचे फ्रेंच इंजिनियर दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम पाहत होते. पाणी गाळायला किती वाळू लागेल ते ठरवण्यासाठी त्यांनी उभ्या नळकांड्यात वाळू भरली, तिच्यातून पाणी सोडलं आणि मोजलं. १८५६ साली त्यांनी ते छापलं. सांगणं अगदी साधं होतं. पाण्याच्या पातळीतला फरक दुप्पट केला की पाणी दुप्पट जातं. वाळूचा थर दुप्पट जाड केला की निम्मं जातं. हे दोन सोडले की बाकी उरतो तो त्या वाळूचा स्वतःचा गुण. या गुणात वाळू आणि चिकणमाती यांच्यामध्ये हजारो पटींचा फरक पडतो. आजही जगभर जमिनीचा निचरा, विहिरीचा पाझर, धरणाची गळती या सगळ्याचं गणित याच नियमावर चालतं.

महाराष्ट्राला या गोष्टीचा धडा जुना आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. उसाला मुबलक पाणी मिळालं, आणि पुढच्या काही दशकांत त्याच लाभक्षेत्रातल्या चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. १९३८ साली बसू आणि सिरूर यांनी नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांवरच्या मातीची वर्गवारी प्रसिद्ध केली. ती नुसता वरचा रंग पाहून केलेली नव्हती, खाली थर कसे आहेत ते पाहून केलेली होती. तेच आपल्यालाही करायचं आहे, फक्त आपल्या एका शेतापुरतं.

आता साहित्य. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा चौकोनी डबा घ्या आणि त्याची दोन्ही तोंडं कापा. दोनशे लिटरच्या जुन्या पत्र्याच्या ड्रमचा हातभर उंचीचा गोल तुकडा घ्या, तोही दोन्हीकडून उघडा. (ड्रम इंधनाचा असेल तर गॅस कटर लावू नका, भडका उडतो. आणि औषधाचा असेल तर घेऊच नका.) शिवाय एक जाड फळी, घण, शाळेतली मोजपट्टी, घड्याळ, गोणपाट आणि दोनशे लिटर पाणी. प्रयोगशाळेत यासाठी ३० आणि ६० सेंटीमीटर व्यासाची दोन जाड लोखंडी कडी वापरतात. आपला डबा-ड्रम त्याचीच गावठी आवृत्ती आहे, कामाला पुरते.

शेतात चालण्याची वाट, बांधाची कड, खताच्या ढिगाची जागा सोडून मधली जागा निवडा. आधी ड्रम ठेवा, वर फळी आडवी टाका आणि फळीवर घण मारत तो चार बोटं खाली बसवा. मग मधोमध डबा वीतभर खाली बसवा. पत्रा पातळ असतो, वाकतो. म्हणून एकाच बाजूला ठोकू नका, फळी फिरवत फिरवत ठोका. माती फार कोरडी असेल तर आदल्या दिवशी जागा भिजवून ठेवा. डब्याच्या कडेनं मातीला भेग पडली तर ती बोटानं दाबून बुजवा, नाही तर पाणी त्या भेगेतूनच पळेल.

डब्यात तळाशी गोणपाटाचा तुकडा ठेवा आणि त्याच्यावर पाणी हळू ओता. उंचावरून ओतलं तर माती ढवळते, बारीक गाळ वर बसतो आणि सगळी भोकं लिंपून जातात. गोणपाट काढून घ्या. डब्यात आणि ड्रममध्ये दोन्हीकडे दहा सेंटीमीटर पाणी उभं करा. मोजायचं फक्त डब्यातलं. मग ड्रम कशाला, असं तुम्ही विचाराल. एकट्या डब्याखालचं पाणी खाली जाता जाता बाजूलाही पसरतं, आणि आपल्याला वाटतं जमीन फार पिते. भोवती ड्रमचं पाणी असलं की बाजूची माती आधीच भिजते, आणि डब्यातल्या पाण्याला सरळ खाली जाण्यावाचून फारशी वाट राहत नाही. म्हणून दोन्हीकडची पातळी सारखी ठेवत जा.

घड्याळ लावा. पाच, दहा, पंधरा, तीस मिनिटांनी पाणी किती मिलीमीटर उतरलं ते लिहा. नंतर दर अर्ध्या तासाला. पाणी तीन-चार सेंटीमीटर उतरलं की पुन्हा खुणेपर्यंत भरा आणि तसं लिहून ठेवा. सुरुवातीला पाणी भराभर उतरेल. त्यावर जाऊ नका, ती मातीची पहिली तहान आहे. वेग कमी कमी होत एका जागी येऊन थांबतो. अर्ध्या-अर्ध्या तासाची सलग तीन वाचनं सारखी आली की काम झालं. समजा, तिन्ही वेळा ३ मिलीमीटर आलं. म्हणजे तुमची जमीन तासाला ६ मिलीमीटर पिते. हलक्या जमिनीत हा आकडा दोन तासांत मिळतो. काळीत चार-पाच तास बसावं लागतं. शिदोरी सोबत न्यावी.

असं एकराला तीन ठिकाणी करा, आणि तिन्हींची सरासरी काढू नका. मधला आकडा धरा. एखाद्या डब्याखाली उंदराचं बीळ किंवा जुन्या तुरीच्या मुळाची पोकळी निघाली तर तो एकटाच आकडा आभाळाला भिडतो आणि सरासरी बिघडवून टाकतो.

तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, भेगा. आपल्या काळ्या मातीतला चिकण फुगणाऱ्या जातीचा आहे. शास्त्रज्ञ त्याला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. एप्रिलात तो आक्रसतो, जमिनीला बोट जाईल अशा भेगा पडतात, आणि त्या वेळी मोजलं तर पाणी ओताल तेवढं गडप होतं. तो भेगेचा आकडा झाला, जमिनीचा नव्हे. पावसात हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि जिरण्याचा वेग कितीतरी खाली येतो. म्हणून काळ्या जमिनीत मोजणी पाणी दिल्यावर वापसा आला की करावी, किंवा जागा दोन दिवस भिजवून मग करावी.

दुसरी गोष्ट, ऊन. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी उघड्या पाण्याची पातळी नुसत्या वाफेनंही तासाला एखादा मिलीमीटर उतरू शकते. बरड जमिनीत याने बिघडत नाही. पण जी काळी तासाला दोनच मिलीमीटर पिते, तिथे निम्मा आकडा उन्हाचाच होऊन बसेल. सकाळी मोजा, डबा गोणपाटानं झाका.

तिसरी गोष्ट लोक हटकून विसरतात. जे पाणी पिकाला देता तेच मोजणीला वापरा. खारट विहिरीचं पाणी चिकणमातीला काही काळ गोळा धरून ठेवतं, त्यामुळे जमीन बरी पिते असं वाटतं. मग पहिल्या मोठ्या पावसाचं गोडं पाणी पडलं की तीच माती विरघळते, भोकं बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. ज्यांची विहीर मचूळ आहे त्यांनी एकदा विहिरीच्या आणि एकदा पावसाच्या पाण्यानं मोजून पाहावं.

आता आकडा वाचायचा कसा? तासाला ३० मिलीमीटरच्या वर गेला तर जमीन वाळूसरखी. २० ते ३० म्हणजे रेताड पोयटा. १० ते २० पोयटा; गिरणाकाठची चांगली मळई साधारण इथे बसावी. ५ ते १० चिकण पोयटा. १ ते ५ म्हणजे निव्वळ चिकण, आपली खोल काळी. एकच्याही खाली गेला तर नुसतं भारी म्हणून सोडू नका, जमीन चोपण होते आहे का ते तपासा. त्याबद्दल पुढे येतोच.

हा आकडा घेऊन साऱ्यावर चला. आधी पाटाचं पाणी मोजा. दोनशे लिटरचा ड्रम चाळीस सेकंदांत भरला तर तुमच्याकडे सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ हजार लिटर पाणी आहे. एक मिलीमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एवढं लक्षात ठेवा, पुढचं गणित शाळकरी पोरगंही करील. जमीन तासाला ४० मिलीमीटर पीत असेल तर हे १८ हजार लिटर ४५० चौरस मीटरवरच संपतात. सारा त्याहून मोठा असला तर शेपटाकडचं टोक कधीच भिजणार नाही, तुम्ही रात्रभर बसा. सुरुवातीला माती याहूनही जास्त पिते, म्हणून हलक्या जमिनीत सारा याच्या निम्म्यावर ठेवा आणि प्रवाह जोरात सोडा. उलट, जमीन ६ मिलीमीटरवाली असेल आणि तुम्ही ३०० चौरस मीटरच्या साऱ्यात तेवढंच पाणी तासभर सोडलं, तर ६० मिलीमीटरचा थर उभा राहतो आणि तो जिरायला आठ-दहा तास लागतात. तितका वेळ मुळांना हवा नाही. अशा जमिनीत लांब सरी, बारीक प्रवाह आणि पाळी लांबणीवर. दोन शेजारी एकाच चारीवर, एकाच दिवशी, सारखाच वेळ पाणी घेतात. एकाचं पीक तहानेलं राहतं, दुसऱ्याचं पिवळं पडतं. दोघंही चारीवाल्याला दोष देतात. चारीवाल्याचा यात दोष नसतो.

ठिबकवाल्यांनीही हे गणित करावं. तासाला ४ लिटरचं तोटं आहे आणि जमीन तासाला २० मिलीमीटर पिते, तर पाणी साधारण ५० सेंटीमीटर व्यासाच्या चकतीत जिरतं. तेच तोटं ३ मिलीमीटरवाल्या काळीत लावलं तर चकती सव्वा मीटरच्या पुढे जाते, पाणी वर पसरतं, सरीत उतरतं, बुंध्याशी साचतं. तिथे २ लिटरचं तोटं लावा. दुकानदार सगळ्यांना एकच तोटं देतो. त्यानं तुमची माती पाहिलेली नसते.

पावसाचंही तसंच. आपल्या भागात वर्षाचा पाऊस सहाशे-सातशे मिलीमीटर, पण तो रीतीनं पडत नाही. आधीच भिजलेल्या काळीवर तासाभरात ४० मिलीमीटर पाऊस झाला आणि जमीन ४ मिलीमीटरच पिणारी असली, तर बाकीचे ३६ मिलीमीटर, म्हणजे एकरी जवळपास १ लाख ४५ हजार लिटर पाणी, एक तर वाहतं नाही तर कपाशीत उभं राहतं. रुंद वरंबा-सरी पद्धत अशाच जमिनीसाठी आहे. वरंब्यावर मुळं कोरडी राहतात, सरीतून जादा पाणी निघतं.

आता बागेबद्दल, कारण ज्यासाठी ही मोजणी खरोखर करावी असं काम म्हणजे लिंबू-मोसंबीची लागवड. इथे वरचा एकच आकडा पुरत नाही. पाण्याचा वेग सगळ्यात घट्ट थर ठरवतो. वरचे चारही थर भुसभुशीत असले आणि पाचवा आवळलेला असला तरी पाणी त्याच्याच चालीनं चालणार. म्हणून खड्डा घ्या, मीटरभर खोल. भिंतीकडे नीट पाहा. चाकूची टोकं खुपसत खाली या. वीतभर खाली चाकू अडला तर तो नांगर-रोटाव्हेटरचा तवा आहे. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर फिरवून फिरवून तो तयार होतो. त्याखाली पुन्हा अडला तर जात्याच घट्ट थर. पांढरे चुनखडीचे खडे दिसले तर तेही नोंदवा. चाकू अडला त्या पातळीवर खड्ड्यात पायरी करा आणि तिच्यावर डबा लावून पुन्हा मोजा. वर २० आणि खाली २ आलं, तर तुमची जमीन २ची आहे.

एवढं जमत नसेल तर सोपा प्रकार सांगतो. मीटरभर खोल खड्डा संध्याकाळी पाण्यानं भरा, रात्रभर भिजू द्या. सकाळी पुन्हा काठोकाठ भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहा. चोवीस तासांनी पाणी अजून उभं असेल तर त्या जागी लिंबूवर्गीय फळझाड लावू नका. खड्ड्याच्या चारी भिंतीही पाणी पितात, म्हणून हा प्रयोग जमिनीला झुकतं माप देतो. झुकतं माप मिळूनही जी नापास झाली तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तिथे कापूस-ज्वारी-हरभरा घ्या, बाग दुसऱ्या तुकड्यात न्या.

तवा असेल तर उपाय हाताशी आहे. मे महिन्यात माती पुरती कोरडी असताना खोल फाळाचा सबसॉयलर चालवा. ओल्या मातीत चालवला तर तो फोडत नाही, सायीसारखा कापून पुढे जातो आणि पैसे वाया जातात. मग ताग किंवा धैंचा गाडा, शेणखत द्या. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा; आकडा वाढला नसेल तर दुखणं दुसरं आहे.

ते दुसरं दुखणं बहुधा चोपणाचं. जास्त पाण्यानं खालची पातळी वर येते, क्षार वर चढतात, आणि त्यात सोडियम जास्त असला की तो मातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवतो. सुटे झालेले कण भोकांत अडकून बसतात. घरी पाहायचं असेल तर काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीचं शुद्ध पाणी घ्या आणि वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. दोन तासांनी पाहा. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी निवळ राहिलं तर मातीत सेंद्रिय खत कमी आहे. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर सोडियमचा संशय घ्या, आणि नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. सामू ८.५च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर आला तर जमीन चोपण. जिप्सम किती टाकायचं ते प्रयोगशाळेच्या आकड्यावरून ठरवा, शेजाऱ्यानं किती टाकलं त्यावरून नव्हे. आणि आधी चर काढा. जिप्समनं सोडवलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो, पोती मात्र संपतात.

शेततळ्याबद्दल थोडक्यात. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत पुष्कळ तळी झाली. तळ्याच्या तळाची माती तासाला १ मिलीमीटर पीत असेल तर दिवसाला २४ मिलीमीटर जातं. तीन मीटर पाणी नुसत्या पाझरानं चार महिने टिकतं, उन्हाची वाफ वेगळी. मुरूम २० मिलीमीटर पिणारा लागला तर तेच पाणी सहा-सात दिवसांत गेलं. पहिल्या ठिकाणी प्लास्टिकच्या कागदाचा खर्च टाळता येईल, दुसऱ्या ठिकाणी कागदाशिवाय तळं भरू नये. विहीर भरण्यासाठी खड्डा घ्यायचा असेल तर मात्र उलट; तिथे तोच मुरूम हवा.

मोजणीची वही ठेवा. तारीख, गट नंबर, शेतातली जागा, किती खोलीवर मोजलं, कोणतं पाणी वापरलं, आधीचं पाणी कधी दिलं होतं, आणि शेवटची तीन वाचनं. रब्बीचं पहिलं पाणी दिल्यावर आठ-दहा दिवसांनी वापसा येतो, तो दिवस मोजणीला उत्तम. डबा-ड्रम एकाकडे असला तरी सगळ्या गल्लीला पुरतो. वापरून झाला की धुऊन, कडांना तेल लावून उलटा ठेवा. कड गंजली की पुढच्या खेपेला मातीत सरळ शिरत नाही. वही घेऊन भडगावला तालुका कृषी कार्यालयात आलात तर आकड्यांवरून साऱ्याची लांबी आणि पाण्याची पाळी काढून देऊ.